नऊ पट्टे

३ जुलै, बुधवार

तिसऱ्या खेपेची अंडीही गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी टाकीतल्या मातीच्या सुळक्यावर एकशे चौसष्ट होती. पावणेसातला एकही नव्हते. पस्तीस मिनिटांत नर-मादी दोघांनी मिळून सुळका इतका चकाचक केला की आताच दुकानातून आणलाय असे वाटावे. मादी मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी होती आणि तिचे तोंड अजून चालूच होते.

म्हणून आजपासून ही वही. आकड्यांची वही वेगळी आहे, तीही चालू राहील. आकड्यांत जे मावत नाही ते इथे.

पुढेमागे कोणाच्या हाती पडली तर कळावे म्हणून लिहितो. मासे डिस्कस आहेत. ताटलीसारखे गोल आणि चपटे, तळहाताएवढे. नर निळा, त्यावर लाल नागमोडी रेघा; मादी विटकरी; डोळे दोघांचेही लालभडक. गोड्या पाण्यात याच्याइतका नखरेल मासा दुसरा नाही. पाणी अठ्ठावीस अंशांच्या खाली गेले की रुसतो, शिळे झाले की रुसतो, खाणे बदलले की रुसतो. पण याची एक गोष्ट अशी आहे की बाकी सगळे माफ. पिले आईबापांच्या अंगावर सुटणारा चिकट थर खाऊन वाढतात. आईच्या कुशीला चिकटतात, ती दमली की झटका देऊन बापाकडे सोपवते, बाप दमला की पुन्हा आईकडे. घरच्या टाकीत हे दृश्य आमच्या गावात अजून कोणी दाखवलेले नाही. मी दाखवणार आहे.

मी म्हणजे कारखान्यांतले दाबमापक तपासून दुरुस्त करणारा माणूस. अठ्ठावीस वर्षे हेच काम. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे येते ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून आलेले आहे.

४ जुलै, गुरुवार

पट्ट्यांविषयी. डिस्कसच्या अंगावर नऊ उभे काळे पट्टे असतात. कधी ठळक दिसतात, कधी पार विरतात. पुस्तकात लिहिले आहे की मासा घाबरला की पट्टे उठतात. पुस्तक लिहिणाऱ्याने माझे मासे पाहिलेले नाहीत. मी आठवडाभर नोंद ठेवली. ती अशी:

मी टाकीसमोर: नऊ. मी टाकीसमोर, हातात टॉर्च: नऊ, जास्त गडद. मुलगी टाकीसमोर: तीन किंवा चार. ही, म्हणजे बायको, शिवणयंत्रावर, टाकीपासून चार फुटांवर: शून्य. हिने फडक्याने काच पुसली तरी: शून्य.

निष्कर्ष सरळ आहे. मासे माझी दखल घेतात. साहेब केबिनमधून बाहेर आले की शिपाई शर्टाचे वरचे बटण लावतो, त्यातलाच प्रकार. हिच्याविषयी त्यांना काहीच वाटत नाही. हे मी हिला दुखावणार नाही अशा बेताने सांगितले. ती म्हणाली, बरं.

ही घरी शाळांचे गणवेश शिवते. यंत्र बाहेरच्या खोलीतच असते, कारण तिथे उजेड चांगला. टाकीही तिथेच, त्याच कारणाने.

७ जुलै, रविवार

मत्स्यपालक मंडळाची बैठक. निवृत्त प्राध्यापकही आले होते. प्राणिशास्त्र शिकवत असत, आता मंडळात जो तो त्यांनाच विचारतो. मीही तीन खेपांची माहिती तपशीलवार मांडली. दर दोन तासांनी टॉर्चने पाहणी, तीन तापमापकांची सरासरी, अंडी भिंगाखाली मोजणे. सगळे ऐकून प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले, "जोडीला थोडं एकटं सोडून बघा की."

मी म्हणालो, सोडून देणे ही पद्धत नव्हे. मोजले नाही तर कळणार काय? दोनचार माना हलल्या. मग मला राहवले नाही. जाहीर करून टाकले की चार ऑगस्ट, रविवार, सकाळी अकरा वाजता मंडळाच्या तपासनिसांनी माझ्या घरी यावे. पिले आईबापांच्या अंगावर चरताना दाखवीन. नाही दाखवली तर मंडळात माशांविषयी पुन्हा तोंड उघडणार नाही.

मंडळाचा नियम असा आहे की 'घरची पैदास' या वहीत नोंद व्हायची तर तपासनिसांनी टाकीपाशी अर्धा तास बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. सांगोवांगी चालत नाही. हा नियम मीच आणला होता.

प्राध्यापकांनी तारीख खिशातल्या डायरीत टिपून घेतली. पेन्सिलने टिपली. माझ्या लक्षात आले.

११ जुलै, गुरुवार

चौथी खेप. एकशे एकाहत्तर अंडी. आणि आधीच्या नासाडीचे कारण सापडले.

टाकीच्या झाकणावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि हिला शिवणयंत्र चालवायला सांगितले. वाटीत तरंग उठले. लहान, पण उठले. म्हणजे आजवर अंड्यांना दिवसभर हादरे बसत होते. यंत्र ताबडतोब स्वयंपाकघरात हलवले. एक बाजू हिने धरली, एक मी. ही म्हणाली, तिथे उजेड नाही. मी म्हणालो, प्रश्न वीस दिवसांचा आहे.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. संध्याकाळी येऊन पाहते तो आई दिव्याखाली मान वाकवून काजे करतेय. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवायला बसलात आणि दर दोन घासांनी कोणी तुमच्या ताटात टॉर्च मारला तर?"

माणूस आणि मासा यांची तुलना करता येत नाही, हे मी तिला समजावले. तिने मान हलवली. ती हिच्यावर गेली आहे.

१३ जुलै, शनिवार

गेली. बेचाळीस तास टिकली. शिवणयंत्र बंद होते, दार बंद होते, खोलीत माझ्याशिवाय कोणीही नव्हते. मी स्वतः भिंग लावून तिसरी ओळ मोजत होतो. माझ्या डोळ्यांदेखत मादीने पहिले अंडे उचलले, मग नर सरसावला.

आता संशयाला जागा नाही. दोष मादीचा. सुरुवात दर वेळी तीच करते. ज्याच्याकडून मादी घेतली त्या मासेवाल्याला दुकानात जाऊन स्पष्ट सांगितले. तो भला माणूस आहे, म्हणाला, आणखी एक खेप बघा, नाहीच जमलं तर पाच ऑगस्टला मादी परत आणा, दुसरी देतो. ठरले. एक खेप, शेवटची.

घरी सांगितले तेव्हा ही भाजी निवडत होती.

"आणि नर?" तिने विचारले.

"नराचं काय? तो तिचं बघून करतो."

"चार महिने एकत्र आहेत ते. तिला अशी उचलून देणार?"

मी म्हणालो, स्वतःची अंडी खाणाऱ्या आईचे दुसरे काय करायचे? हिने एक देठ खुडून बाजूला टाकला. मग म्हणाली, आईला समोर काहीतरी दिसत असेल, त्याशिवाय ती असं करणार नाही.

"दिसायला आहे काय तिथे? तीन बाजूंना काच आणि चौथ्या बाजूला मी."

"तेच," ही म्हणाली, आणि निवडलेली भाजी धुवायला उठली.

काय 'तेच', ते सांगितले नाही. हिला वाक्य पुरे करायची सवय नाही.

१८ जुलै, गुरुवार

ऑफिसातून हुकूम. तेवीस ते एकतीस, नऊ दिवस बाहेरगावी. तिथल्या कारखान्यात दोनशे बारा दाबमापक तपासायचे आहेत, माझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. एरवी ही गोष्ट मी चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितली असती. आज नुसता बसून राहिलो. मासे नेमके त्याच दिवसांत अंडी घालणार, असा माझा अंदाज आहे.

मादी सुळक्याभोवती फिरते आहे. सुळका तोंडाने घासते आहे. तिला ठाऊक नाही की हे तिचे शेवटचे.

२३ जुलै, मंगळवार (गाडीत)

अंदाज बरोबर निघाला, याचे दुःख. अंडी काल संध्याकाळी पडली. एकशे सत्याऐंशी.

हिच्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. सहा पाने, त्रेपन्न कलमे, ठळक अक्षरांत. निघताना एकेक कलम वाचून दाखवले. हिने एकाच कलमाला थांबवले, एकतिसाव्याला, दर दोन तासांनी टॉर्चने पाहणी.

"हे कशासाठी?"

"अंडी पांढरी पडतात का ते बघायला."

"आणि पडली तर काय करायचं?"

"नोंद."

"बरं," ही म्हणाली, आणि माझा डबा पिशवीत नीट उभा ठेवला.

तिचे ते 'बरं' ऐकून मला जरा धीर आला. नेमून दिलेले काम ही चोख करते, हे मान्य केले पाहिजे.

२५ जुलै, गुरुवार

फोन सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. अंडी आहेत. किती, तर ही म्हणते, आहेत तेवढी आहेत. तापमान एकोणतीस पूर्णांक चार. काल सकाळी एकोणतीस पूर्णांक चार, काल दुपारी तेच, आज तिन्ही वेळा तेच. माझ्या हातूनही पाणी इतके स्थिर राहिले नव्हते. हीटरची जी फेरजुळणी मी निघण्यापूर्वी केली, तिचेच हे श्रेय.

फोनवर मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता, अगदी जवळून. स्वयंपाकघर फोनपासून सतरा फूट आहे. फोनमध्ये आवाज असे भलतेच ऐकू येतात.

इथल्या कारखान्यात आज एक प्रकार झाला. बॉयलरच्या नोंदवहीत एका कामगाराने बारा दिवस एकच आकडा भरला होता. मी त्याला सर्वांसमोर उभा करून विचारले, काटा आहे की खिळा? काटा म्हटला की तो थोडा तरी हलणारच. बारा दिवस एकच आकडा म्हणजे तुम्ही तिकडे ढुंकून पाहिलेले नाही. बिचारा खाली मान घालून उभा राहिला. अशा लोकांचा मला राग येतो.

२६ जुलै, शुक्रवार

अंडी फुटली. सुळक्यावर शेपट्या वळवळताहेत, असे मुलीने सांगितले. आजवरच्या चार खेपांत इथवर मजल कधीच गेली नव्हती. तापमान एकोणतीस पूर्णांक चार.

आज जेवणात लक्ष नव्हते. एका दाबमापकाची तपासणी दोनदा करावी लागली.

२८ जुलै, रविवार

सकाळी मुलीचा फोन. "बाबा, पोहतायत."

मी विचारले, किती? अंगाला लागली का? कोणाच्या, आईच्या की बापाच्या? नरावर पट्टे किती? ती म्हणाली, आई म्हणते सध्या कोणी डोकवायचं नाही. मी म्हणालो, मग पोहतायत हे कळलं कसं? ती म्हणाली, आईने सांगितलं.

हिला फोन द्यायला सांगितला. ही आली, पण तिचा आवाज इतका खाली की तान्हे मूल शेजारी झोपलेय असे वाटावे. म्हणाली, दोन्ही ठीक आहेत, तुम्ही जेवत जा वेळेवर.

दोन्ही म्हणजे आईबाप, असे मी धरतो.

लॉजच्या पलंगावर बराच वेळ बसून होतो. अठ्ठावीस वर्षांत कामाच्या गावी असा बसलेलो नाही. परत जावेसे वाटले, आणि परत गेलो तर सगळे बिघडेल असेही वाटले. दुसरा विचार कुठून आला कळत नाही. दगदगीने असेल.

३१ जुलै, बुधवार

दुपारी घरी पोचलो. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

टाकी जुन्या निळ्या चादरीने समोरून पूर्ण झाकलेली. मधोमध बोटभर फट. शिवणयंत्र पूर्वीच्या जागी, चार फुटांवर, त्यावर अर्धी शिवलेली चड्डी. तिन्ही तापमापक टेबलाच्या खणात, धुवून पुसून. टॉर्च कुठेही नाही. आणि माझ्या सूचनांची सहाही पाने टाकीच्या बाजूच्या काचांना बाहेरून चिकटवलेली, अक्षरे आतल्या अंगाला.

"मासे वाचतायत, बाबा," मुलगी म्हणाली. "आड म्हणून कागद हवा होता."

बूट न काढता मी बोलायला सुरुवात करणार होतो. हिने ओठांवर बोट ठेवले आणि फटीकडे खूण केली. बोलायचे ते नंतर बोलू, असे ठरवून मी डोळा लावला.

मादी मध्यभागी स्थिर होती. तिच्या दोन्ही कुशींवर पिले, टाचणीच्या डोक्याएवढी, इतकी दाट की अंगावर लव आली असे वाटावे. सगळी एकाच वेळी चोच मारत होती. मग तिने अंगाला झटका दिला आणि ती सगळी लव उडून धुरासारखी तरंगत नराकडे गेली, त्याच्या निळ्यावर जाऊन बसली. मादी बाजूला सरकली. दमलेली दिसली. तिच्या अंगावर एकही पट्टा नव्हता, इतका स्वच्छ विटकरी रंग मी तिचा पूर्वी पाहिलेला नाही.

किती वेळ पाहिले याची नोंद नाही. पिले मोजायला सुरुवात केली तशी मान आपोआप पुढे गेली असावी, चादर हलली. नर फिरला, पट्टे उठले, पिले भोवंडली. हिने मागून माझा दंड धरून मला बाजूला घेतले आणि फट बंद केली. "उद्या बघा," म्हणाली.

तापमानाचे विचारले. म्हणाली, कोमट आहे, हात घालून बघते रोज. मग एकोणतीस पूर्णांक चार कुठून आणलेस? तर म्हणे, तुम्ही निघालात तेव्हा तेवढं होतं.

मी बूट काढायला बसलो. प्रवासाचा शीण होता.

१ ऑगस्ट, गुरुवार

शांतपणे विचार केला. पाणी मी मुरवलेले. सुळका मी निवडलेला. जोडी मी जमवलेली. इतका पाया पक्का असल्यावर नऊ दिवस कोणीही निभावून नेले असते. चादरीमुळे फायदा झाला की चादर असूनही झाला, हे सिद्ध व्हायचे आहे.

रविवारी दाखवताना चादर काढावी लागेल.

४ ऑगस्ट, रविवार

तपासनीस अकराला आले. प्राध्यापक, मंडळाचे चिटणीस आणि तिसरा मासेवाला. तिघांना खुर्च्या दिल्या. मी टाकीच्या उजव्या अंगाला उभा राहिलो, हातात जुन्या रेडिओची एरियल, एकेक भाग दाखवायला. ही दारात होती. मी चादरीला हात घातला तशी म्हणाली, फटीतून दिसतं की सगळं, एकेकाने बघावं. मी म्हणालो, मंडळ इथे चादर बघायला आलेले नाही.

चादर काढली आणि बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला दोघांचेही नऊच्या नऊ पट्टे उठले. नर काचेवर आपटला. पिले मादीभोवती गोळा झाली, ती एकदा गरकन वळली आणि तिने तोंड उघडले. एक. दोन. पाच. मी मोजत होतो. मोजणे थांबेना. नऊ, अकरा. प्राध्यापक खुर्चीवरून अर्धवट उठले होते. उद्या पाच तारीख आहे आणि मासेवाला माझ्यासमोर बसलेला आहे, एवढेच माझ्या डोक्यात.

"अहो," ही म्हणाली, "तुम्ही बाहेर या."

मोठ्याने म्हणाली नाही. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिने मला कुठल्या खोलीतून बाहेर यायला सांगितलेले नाही. मी सांगणार होतो की हे तात्पुरते आहे, आता स्थिर होतील. तेवढ्यात बारावे गेले. मी एरियल मिटली आणि बाहेर आलो. निर्णय माझा होता.

पॅसेजमध्ये चपलांच्या फळीवर बसलो. चादर परत चढवल्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच नाही. मग शिवणयंत्र सुरू झाले, सावकाश, एका लयीत. तपासनीस बसलेले असताना तिने चड्डीची शिवण पुरी करायला घेतली होती. आतले काहीच कळत नव्हते. भिंतीकडे बघत बसलो. अठ्ठावीस वर्षे बंद डबीतल्या काट्यावरून मी आतला दाब सांगतो आहे. इथे काटाही नव्हता.

अर्ध्या तासाने मासेवाला बाहेर आला. त्याचे डोळे ओले होते, या माणसाने हजारो मासे विकलेले आहेत. म्हणाला, तोंडात घेतलेली तिने बरीचशी परत सोडली, सगळी नाही, पण बरीचशी. आता नराच्या अंगावर आहेत. मग माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, मादी मी परत घेणार नाही हां, आणलीत तरी.

चिटणीस वही घेऊन आले. नोंद मंजूर. सही करा म्हणाले. रकाना होता: पालन करणाऱ्याचे नाव. त्यांनी पेन माझ्या हातात दिले, माझ्या नावाचे पहिले अक्षर ते स्वतः गिरवणार इतक्या खात्रीने. प्राध्यापक मागे उभे होते. त्यांनी दुसरीकडे पाहिले. तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

मालकाचे नाव विचारले असते तर प्रश्न नव्हता. जोडी जमवणाऱ्याचे विचारले असते तरी नव्हता. रकान्यात विचारले होते ते विचारले होते. चुकीची नोंद मी आजवर कोणाची खपवून घेतलेली नाही, मग ती माझ्या फायद्याची का असेना. हिचे पूर्ण नाव लिहिले. माहेरचे आडनाव कंसात द्यायचे का असे चिटणिसांना विचारले, ते म्हणाले, गरज नाही. तरी दिले.

हिला सांगितले तेव्हा तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, कशाला उगीच. पण वही पाहायला मागितली. दोनदा वाचली.

७ ऑगस्ट, बुधवार

नवी व्यवस्था. माझी खुर्ची पॅसेजमध्ये, दाराच्या या बाजूला. ही आत शिवत बसते, मी बाहेरून विचारतो, ती सांगते, मी लिहितो. आज विचारले, पिले कोणाकडे आहेत? म्हणाली, आत्ता तिच्याकडे. खाणे? खातायत. मादी कशी आहे? थोडा वेळ यंत्र थांबले. म्हणाली, दमलीय, पण छान आहे.

मग संख्या विचारली.

"भरपूर," ही आतून म्हणाली.

आकड्यांच्या वहीत, संख्येच्या रकान्यात, लिहिले: भरपूर.